जमीन जवळ येताना

(राजूर, जि. जालना येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते भूगोल शिकवत, आणि वारा शिकवायचा असला की मुलांना वर्गाबाहेर काढत, असं त्यांच्या इथल्या विद्यार्थ्यांकडून ऐकलं. म्हणून ठरवलं, राजुरेश्वराच्या या गावात आज वाऱ्याबद्दलच बोलायचं. मी आयुष्याची बरीच वर्षं लहान विमानांत, शिकणाऱ्या मुलामुलींच्या शेजारच्या खुर्चीत काढली. त्या विमानांना मायक्रोलाइट म्हणतात. लोक हमखास विचारतात, वर भीती वाटत नाही का? वर फारशी वाटत नाही. भीती असते ती खाली येताना, शेवटच्या दोन-तीनशे फुटांत. माझं सगळं बोलणं आज त्या दोन-तीनशे फुटांचं आहे. आणि माझं म्हणणं एवढंच आहे की तिथे जे घडतं ते बहुतेक वेळा तिथे ठरत नाही. ते बरंच आधी, वर असताना, कधी कधी तर इंजिन सुरू करण्याआधीच ठरून गेलेलं असतं.

मायक्रोलाइट म्हणजे फार तर दोन माणसांचं विमान. माणसं, पेट्रोल, सगळं धरून वजन साधारण साडेचारशे किलोच्या आत. यात दोन जाती आहेत. एक ट्राइक : वर कापडी त्रिकोणी पंख, खाली टांगलेली तीन चाकांची उघडी गाडी. वैमानिक समोरचा आडवा दांडा धरून आपलं वजन इकडेतिकडे सरकवतो आणि विमान त्याप्रमाणे वळतं. दुसरी जात नेहमीच्या विमानासारखी, स्टिक आणि रडरवर चालणारी, बंद केबिनची. एनसीसीचा हवाई विभाग 1950 साली सुरू झाला. त्याच्या छात्रांनी बरीच वर्षं याच दुसऱ्या जातीच्या झेनएअर सीएच 701 या मायक्रोलाइटवर उड्डाणाचे धडे घेतले, आणि आता स्लोव्हेनियात बनलेलं पिपिस्ट्रेल व्हायरस आलं आहे. त्याला 80 अश्वशक्तीचं रोटॅक्स इंजिन असतं.

या दोन जातींत एक घातक फरक आहे. स्टिकच्या विमानात नाक वर करायचं तर स्टिक आपल्याकडे ओढायची. ट्राइकमध्ये नाक वर करायचं तर दांडा पुढे ढकलायचा. जमिनीवर चालवतानाही तसंच : एकात उजवा पाय दाबला की विमान उजवीकडे वळतं, दुसऱ्यात डावीकडे. एका जातीवरून दुसरीवर गेलेला माणूस हजार फुटांवर हे विसरत नाही. शेवटच्या दहा फुटांत, धक्का बसल्यावर, डोकं बाजूला राहतं आणि हात जुन्या सवयीने चालतो. म्हणून अनुभवी वैमानिकालासुद्धा जात बदलताना पहिलीपासून शिकवावं लागतं, आणि त्यात त्याने कमीपणा मानू नये.

ट्राइकच्या पंखाचा इतिहास उतरण्याच्या प्रश्नाशी जोडलेला आहे, हे मला फार आवडतं. अमेरिकेत फ्रान्सिस रोगॅलो आणि त्यांच्या पत्नी गर्ट्रूड यांनी 1948 मध्ये हा लवचीक कापडी पंख तयार केला. पुढे नासाने चाचण्या केल्या, की अंतराळातून परतणारं जेमिनी यान समुद्रात टाकण्याऐवजी अशा पंखाखाली तरंगत जमिनीवर उतरवता येईल का. ती योजना बाजूला पडली, यान पॅराशूटनेच समुद्रात उतरत राहिलं. पण तो पंख हँग ग्लायडरवाल्यांनी उचलला, आणि 1970 च्या दशकात त्याला छोटी इंजिनं लागली.

आता वाऱ्याकडे येतो. विमानाला जमिनीवरचा वेग कळत नाही. त्याला कळतो तो हवेतला वेग. समजा, एखादं मायक्रोलाइट ताशी 65 किलोमीटरच्या खाली गेलं की त्याचा पंख उचल सोडतो. याला स्टॉल म्हणतात. म्हणून उतरताना आपण 90 चा वेग धरतो. म्हणजे आपल्या गाठीला 25 किलोमीटर. समोरून 30 चा वारा आहे, पण तो झाडांच्या शेंड्यांवर 30 आहे. जमिनीशी घासून खालचा वारा मंदावतो, तिथे तो 12 च आहे. त्या थरातून आपण काही सेकंदांत खाली आलो, की विमानाच्या वेगातून 18 किलोमीटर परस्पर वजा होतात. गाठीला उरले 7. मोठं जेट विमान ताशी अडीचशेच्या आसपास उतरतं, त्याच्याकडे साठेक किलोमीटरची शिल्लक असते. तेच 18 त्याला जाणवतात, पण पाडत नाहीत. हलक्या विमानाची भीती ही अशी साध्या वजाबाकीतून येते. त्यावरचा उपायही साधा आहे : वाऱ्याचा झोत नेहमीच्या वाऱ्याहून जेवढा जास्त असेल त्याच्या निम्मा वेग आधीच वाढवून धरायचा. आणि एक ध्यानात ठेवायचं, की हलकं विमान थ्रॉटल दिल्यावर, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवल्यावर, लगेच वेग घेतं आणि थ्रॉटल काढल्यावर तितक्याच लगेच वेग टाकतं. जड विमान काही वेळ नुसत्या भारावर पुढे जात राहतं. ही चैन मायक्रोलाइटला नाही.

तुम्ही राजुरेश्वराच्या देवळाच्या टेकडीवर चढता. एका बाजूला वारा अंगावर येतो, पलीकडच्या बाजूला धोतर हलत नाही. जिथे धोतर हलत नाही ती जागा विमानासाठी सर्वांत वाईट. टेकडीच्या, झाडांच्या रांगेच्या, गोदामाच्या आडोशाला हवा शांत वाटते, पण तिच्या वरच्या थरात वारा गिरक्या घेत खाली कोसळत असतो. झाड तीस फुटांचं असेल, तर त्यामागे तीनशे फुटांपर्यंत, वारा जोराचा असेल तर आणखी लांब, हा त्रास धरून चालावं. धावपट्टीच्या तोंडाशी कुणी सावलीसाठी हौसेने कडुनिंब लावले, तर दहा वर्षांनी ते उतरणाऱ्याच्या मानेवर बसतात.

आपल्या मराठवाड्यात यात ऊन मिसळतं. चिकलठाण्याचं विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 582 मीटर उंच आहे. मे महिन्यात दुपारी पारा 42 वर गेला, की तिथली हवा इतकी विरळ होते की विमानाच्या लेखी ते साधारण 1700 मीटरवर असतं. कळसूबाईचं शिखर 1646 मीटर आहे. म्हणजे त्या दुपारी तिथे चाक टेकवणारा वैमानिक हिशेबाने कळसूबाईच्या माथ्यावरच्याहून विरळ हवेत उतरत असतो. काटा 90 दाखवतो, विमान खरं धावतं 98 ने. चाकं टेकल्यावर थांबायला अठरा टक्के जास्त ऊर्जा जिरवावी लागते. डोळ्यांना वाटतं आपण फार वेगात आहोत, हात आपोआप वेग कमी करायला जातो, आणि काट्यावर शिल्लक होती ती जाते.

अशाच एका दुपारची किंमत आपल्या भागाने मोजलेली आहे. 26 एप्रिल 1993 रोजी दुपारी चिकलठाण्याहून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग 737 धावपट्टी संपल्यावर पलीकडच्या रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकलं, पुढे विजेच्या तारांत गेलं. विमानात 118 माणसं होती, त्यांतली 55 गेली. ते उतरणं नव्हतं, उड्डाण होतं, आणि विमान मायक्रोलाइटच्या कितीतरी पट मोठं होतं. तरी मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला ते सांगतो. नाक उशिरा उचललं गेलं आणि रस्त्यावरची वाहतूक थांबवलेली नव्हती, असं चौकशीत निघालं. भर उन्हाळ्याची दुपार, भरलेलं विमान, धावपट्टीच्या टोकाशी अडथळा : या तिन्ही गोष्टी इंजिन सुरू होण्याआधीच माहीत असतात.

काळ्या नांगरटीच्या वावरावर दुपारी हवा तापून उसळते. शेजारीच ओलिताची मोसंबीची बाग असेल, तर तिच्यावर हवा खाली बसते. उतरायला येणारं विमान बागेवर आलं की खड्ड्यात गेल्यागत दबतं, नांगरटीवर आलं की वर फेकलं जातं, आणि डांबरी धावपट्टीवर आलं की तरंगत राहतं, चाक टेकवू देत नाही. त्यात वावटळ उठते. धुळीची वावटळ निदान दिसते. धावपट्टीवर धूळच नसेल तर तीच वावटळ दिसत नाही, फक्त वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी विंडसॉक अचानक उलटा फिरतो. आणि वळवाच्या दिवसांत पश्चिमेला काळं भरून आलं, की पाऊस पोचण्याआधी त्याचा गार वारा पोचतो. दहा मिनिटांपूर्वी समोरून येणारा वारा पाठीमागून येऊ लागतो. पाठीमागच्या वाऱ्यात हलकं विमान उतरवणं म्हणजे मघाचं सगळं गणित उलटं फिरवणं. वळीव दिसला की विमान दोरांनी बांधायचं आणि चहाला जायचं. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही, तो कांदा झाकायला धावतो. वैमानिकाला सांगावं लागतं, कारण त्याला घरी पोचायचं असतं.

एक प्रसंग सांगतो. मराठवाड्यातल्याच एका धावपट्टीवरचा, एप्रिलमधला, सकाळचे दहा वाजून गेलेले. मुलगी विशीची, हात फार चांगला. विमान स्टिकचं, दोघं शेजारी शेजारी. मी हात मांडीवर ठेवले होते, पण स्टिकपासून चार बोटांवर. ती सरळ रेषेत खाली येत होती, वेग बरोबर, नाक बरोबर. विंडसॉक समोरच्या वाऱ्याने अर्धा भरलेला. तीसेक फुटांवर असताना डावा पंख कुणीतरी ओढल्यासारखा खाली गेला. तिने तो उचलला, तेवढ्यात विमान दबलं आणि दोन्ही मागची चाकं धाडकन टेकली. टेकली म्हणजे आपटली. विमान उसळून माणसाच्या उंचीइतकं परत हवेत. आणि समोरच्या काचेत आता धावपट्टी नाही, नुसतं आकाश.

इथे प्रत्येक माणसाच्या हाताला एकच गोष्ट करावीशी वाटते : स्टिक पुढे ढकलावी, नाक खाली घ्यावं, जमीन पुन्हा दिसावी. ती ढकलली की पुढचं चाक आधी आपटतं, विमान पहिल्यापेक्षा उंच उसळतं, मग दुसरी उसळी, आणि सहसा तिसऱ्या उसळीला पुढचा पाय मोडतो, पंखा जमिनीत जातो. मला तिच्या मनगटाची शीर ताठ झालेली दिसली. मी एवढंच म्हणालो, "थांब. थ्रॉटल." तिने थ्रॉटल पूर्ण पुढे दिलं. नाक क्षितिजावर आणून तिथेच धरलं, वर चढायची घाई केली नाही. पाच-सात फुटांवरून विमान धावपट्टीला समांतर चालत राहिलं, काटा 60, 65, 70 असा चढत गेला, आणि 90 ला तिने हळूच नाक उचललं. उतरायचं सोडून पुन्हा वर जायचं, याला आमच्यात गो-अराउंड म्हणतात.

फेरी मारून ती पुन्हा आली. या वेळी शंभर फुटांवर विंडसॉक आडवा झालेला तिलाच दिसला. मी काही बोलण्याआधी थ्रॉटल पुढे गेलं. मग आम्ही वर चकरा मारत वारा बसायची वाट पाहिली, आणि ती उतरली तेव्हा चाकं टेकल्याचं कळलंसुद्धा नाही.

खाली तिचे वडील आणि काका आले होते, मोबाइलवर चित्रण करत होते. वडिलांनी मला बाजूला घेऊन काळजीने विचारलं, "साहेब, पोरगी घाबरली का?" त्यांचा काही दोष नव्हता. बघणाऱ्याला तसंच वाटतं. दोनदा खाली आली, दोनदा परत गेली, म्हणजे जमलं नाही. मी त्यांना सांगितलं, दुसऱ्यांदा जे परत जाणं होतं, तेवढ्यासाठी मी तिला एकटीला विमान देईन. आदल्या वेळचं उतरणं तिने निभावलं. दुसऱ्या वेळी निभावण्याची पाळीच येऊ दिली नाही. आपल्याकडे वाकड्यातिकड्या वाऱ्यात विमान कसंबसं टेकवणाऱ्याला टाळ्या पडतात, त्याची गोष्ट पुढे दहा वर्षं चालते. जो शंभर फुटांवरून मुकाट परत वर गेला, त्याची गोष्टच होत नाही, कारण काही घडलंच नाही.

हे लहान विमानापुरतं आहे, असं कुणी समजू नये. 7 ऑगस्ट 2020 ला कोळिकोडला पावसात एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत पडलं, 21 जणांचा जीव गेला. चौकशी अहवालात नोंद आहे की सहवैमानिकाने गो-अराउंड म्हटलं होतं. उतरणं मात्र चालू राहिलं, चाकं धावपट्टीवर फार पुढे टेकली, आणि वारा पाठीमागून होता. विमान चालवणारे कॅप्टन हवाई दलातून आलेले, अत्यंत अनुभवी आणि सन्मानित होते, आणि त्याच अपघातात गेले. त्यांच्याविषयी मनात आदर ठेवूनच सांगतो. अनुभवाने हात सुधारतो, पण उतरायचंच हा हट्ट अनुभवाने आपोआप जात नाही. त्याला वेगळी शिकवण लागते, आणि शेजारी बसलेल्या धाकट्याचं ऐकायची सवय लागते.

आता इंजिन बंद पडण्याकडे. जुन्या मायक्रोलाइटांत टू-स्ट्रोक इंजिनं असत, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेली. तुमच्यापैकी ज्यांनी पेट्रोलचा फवारणी पंप वापरला आहे त्यांना ती जात ठाऊक आहे. मिश्रण चुकलं किंवा इंजिन जास्त तापलं, की पिस्टन धरतो. फोर-स्ट्रोक रोटॅक्स पुष्कळ भरवशाचं आहे, तरी पावसाळी दमट हवेत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो, आणि तोही बाहेर वीस-पंचवीस अंश असताना. मुलांना हे पटत नाही, दाखवावं लागतं. इंजिन थांबलं की विमान दगडासारखं पडत नाही, ते घसरत खाली येतं. पुण्यात हडपसरला केंद्र सरकारचं ग्लायडिंग सेंटर आहे, तिथे इंजिनाविनाच उडायला शिकवतात. तिथलं प्रत्येक उतरणं एकदाच मिळतं. गो-अराउंडला इंजिनच नाही, त्यामुळे सगळे निर्णय वरच घ्यावे लागतात. माझं चाललं, तर मायक्रोलाइट शिकणाऱ्या प्रत्येकाला मी आधी काही दिवस ग्लायडरमध्ये बसवीन.

पुष्कळ जीव जातात ते एका मोहात. विमान नुकतं उडालेलं, दोन-तीनशे फुटांवर, आणि इंजिन थांबलं. मागे छान धावपट्टी आहे. मन म्हणतं, वळ आणि परत जा. सरळ उडताना जे विमान 65 ला स्टॉल होतं ते 45 अंश कलून वळताना 77 ला होतं, आणि 60 अंश कललं तर 92 ला. म्हणजे 90 च्या वेगाने, घाईघाईने तीव्र वळण घेणारा वैमानिक वळतानाच पडतो, तोही एका पंखावर, डोकं खाली. म्हणून उड्डाणाआधी, धावपट्टीच्या टोकाशी उभं असतानाच मोठ्याने म्हणायचं : अमुक उंचीच्या आत इंजिन गेलं तर मी समोर उतरणार. समोर जे वावर असेल ते.

समोर आपलं राजूरचं शिवार आहे असं धरा. वरून सगळं सपाट आणि हिरवं दिसतं. दिवाळीच्या सुमाराला सोयाबीन काढून मोकळं झालेलं वावर मिळालं तर देव पावला. ताज्या नांगरटीत चाक रुततं आणि विमान नाकावर उलटं होतं. उभ्या कपाशीवर उतरायचं तर पिकाचा शेंडा हीच जमीन धरायची, तिथेच वेग संपवायचा. पऱ्हाट्या चाकं धरतात. सऱ्यांच्या बाजूने उतरायचं, आडवं कधी नाही, मग वारा थोडा तिरका का असेना. धुरा आडवा असेल तर त्याच्या अलीकडे थांबण्याइतकी जागा आहे का ते आधी बघायचं. कठडा नसलेली विहीर वरून झुडपासारखी दिसते. शेततळ्याचं प्लास्टिक उन्हात चमकतं, ते मात्र लांबून कळतं. जालना बियाण्यांचा जिल्हा, शेडनेट ठिकठिकाणी. पांढऱ्या जाळ्या दिसतात, त्यांचे खांब आणि ताणाच्या तारा दिसत नाहीत. समृद्धी महामार्ग वरून फार मोहात पाडतो. पण त्यावर ताशी शंभरने येणारी माणसं आहेत, त्यांचा जीव आपल्या जिवाइतकाच मोलाचा.

तारांबद्दल वेगळं बोललंच पाहिजे. विजेची तार वरून दिसत नाही, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच. दिसतो तो खांब. म्हणून नजर खांब शोधते, आणि दोन खांब दिसले की त्यांच्यामध्ये तार आहेच असं समजायचं. विहिरीवरच्या मोटारीला गेलेली एकटी लाइन सर्वांत फसवी. शेतात मोटारीची खोली दिसली की तिच्याकडे कुठून तरी तार येते, हे गणित वैमानिकाला हजार फुटांवर सुटलं पाहिजे. तारेच्या खालून विमान काढण्यापेक्षा, किंवा शेवटच्या क्षणी वरून उचलून स्टॉल होण्यापेक्षा, आधीच दुसरं वावर निवडलेलं बरं.

आणि एवढं सगळं सांगून झाल्यावर धीर देणारी गोष्टही सांगतो, कारण ती खरी आहे. साडेचारशे किलोचं विमान ताशी 90 ने जात असताना त्याच्यात जी ऊर्जा असते, तिच्या हजारपट ऊर्जा साठ टन वजनाच्या, अडीचशेने उतरणाऱ्या जेटमध्ये असते. मायक्रोलाइट समोरच्या 15 च्या वाऱ्यात 65 ने टेकलं, तर जमिनीवरचा त्याचा वेग 50 च. छातीला पट्टे घट्ट बांधलेले असतील तर माणूस तीनपट गुरुत्वाचा धक्का सहज सोसतो, आणि त्या धक्क्याने हे विमान थांबायला अकरा फूट पुरतात. अकरा फूट पऱ्हाट्या, अकरा फूट तुरी. म्हणून पंख सपाट ठेवा, वेग स्टॉलच्या किंचित वर ठेवा, आणि विमान पूर्ण थांबेपर्यंत चालवत राहा. पंख मोडू द्या, चाक तुटू द्या. विमान वाचवायला जाणारे जीव गमावतात. 25 जुलै 2022 ला इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शिवारात एक लहान प्रशिक्षण विमान पडलं. ते मायक्रोलाइट नव्हतं, त्याहून जड होतं. चालवणारी शिकाऊ मुलगी एकटी होती, विमान मोडलं, आणि ती जिवंत बाहेर आली.

मोठे पल्ले मारणाऱ्यांकडे मी याच नजरेने बघतो. विजयपत सिंघानिया यांनी 1988 मध्ये लंडनहून भारतापर्यंत मायक्रोलाइट आणलं, 23 दिवसांत. पुढे 26 नोव्हेंबर 2005 ला ते गरम हवेच्या फुग्यातून मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरून 21,000 मीटरच्या वर गेले आणि उतरले सिन्नर तालुक्यात, पंचाळ्याला. फुग्याला तर ना रडर ना चाक, वारा नेईल ते गाव. ब्रायन मिल्टन या ब्रिटिश गृहस्थाने 1998 मध्ये ट्राइकने 120 दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याआधीच्या लंडन-ऑस्ट्रेलिया प्रवासात त्याला इराणच्या आखातात थेट समुद्रात उतरावं लागलं होतं. आपल्या हवाई दलाचे राहुल मोंगा आणि अनिल कुमार 2007 मध्ये 79 दिवसांत जग फिरून आले. रोज नवी धावपट्टी, नवा वारा, अंगात कालचा थकवा. या सगळ्यांचं कौतुक अंतरासाठी होतं. मला विचाराल तर त्यांनी किती वेळा उड्डाणच केलं नाही, हवामान बघून किती दिवस जमिनीवर काढले, ते खरं वाचण्यासारखं.

आणि मुंबईची आरोही पंडित. 2019 च्या मे महिन्यात तिने पिपिस्ट्रेल सायनस या हलक्या विमानाने, एकटीने, स्कॉटलंडहून आइसलंड आणि ग्रीनलंडमार्गे कॅनडा गाठला. हलक्या विमानातून अटलांटिक एकटीने पार करणारी ती पहिली महिला. सायनसचा पंख जवळजवळ 15 मीटर लांब, मोटर लावलेलं ग्लायडरच म्हणा. आडव्या वाऱ्यात एवढा पंख जमिनीलगत सरळ ठेवणं हे फार नाजूक काम आहे, आणि त्या बेटांवर वारा आडवाच असतो. ऑक्टोबर 2021 मध्ये, जेआरडी टाटांच्या 1932 च्या टपाल-उड्डाणाची आठवण म्हणून, ती त्याच जातीच्या विमानाने भूजहून निघून अहमदाबादमार्गे जुहूला उतरली, जीपीएस न लावता. भूजची ती धावपट्टी 1971 च्या युद्धात बॉम्बने उखडली होती, आणि माधापरच्या सुमारे तीनशे बायकांनी ती 72 तासांत पुन्हा घडवली होती. राजूरच्या मुलींनी या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एनसीसीचा रस्ता त्यांच्यासाठी मोकळा आहे.

आता शेवटचा भाग, तुमच्या कामाचा. उद्या एखादं लहान विमान तुमच्या वावरात उतरलं, तर पहिल्या पाच मिनिटांत तुम्हीच तिथे असाल. गाव धावून जातं, आणि त्या धावून जाण्यानेच माणसं वाचतात. फक्त काही गोष्टी सांभाळा. पंखा फिरत असेल तर तो थांबेपर्यंत त्याच्याजवळ जाऊ नका, ट्राइकचा पंखा मागच्या बाजूला असतो. विमान तारेत अडकलं असेल तर हात लावण्याआधी महावितरणला सांगून लाइन बंद करवा. 112 ला फोन करा, 108 ला करा. विडी-काडी लांब ठेवा, कारण टाकी फुटलेली असू शकते आणि पेट्रोल मातीत मुरलेलं दिसत नाही. आग नसेल, तर आतल्या माणसाला ओढून काढू नका. अशा उतरण्यात पाठीचा मणका दुखावतो, आणि चार जणांनी प्रेमाने उचललेला माणूस कायमचा अधू होऊ शकतो. विमान आहे तसं राहू द्या, चौकशीला ते लागतं.

आणि एक गोष्ट जी गावात कुणाला माहीत नसते. यांपैकी पुष्कळ विमानांत अख्ख्या विमानाला तोलणारं पॅराशूट असतं. ते बाहेर फेकायला आत एक छोटं रॉकेट बसवलेलं असतं. विमान मोडून पडलं तरी ते रॉकेट जिवंत असतं. तारेला ताण बसला किंवा केबिनमधला लाल दांडा कुणी उत्सुकतेने ओढला, की ते क्षणात सुटतं आणि समोर उभ्या माणसाच्या आरपार जाईल इतक्या जोराने जातं. विमानाच्या अंगावर त्या जागी त्रिकोणी इशारा चिकटवलेला असतो. त्या बाजूला उभं राहू नका, पोरांना तर मुळीच उभं राहू देऊ नका, पत्रा कापू नका, वाकलेला भाग ओढू नका. आतला वैमानिक शुद्धीवर असेल तर पाणी विचारण्याआधी त्याला विचारा, की रॉकेटची पिन कुठे आहे, आणि ती लावली आहे का.